साठ टनांची आगबोट आणि अर्देशीर वाडिया

खान्देशात बसून बोटीवर लेख लिहायचा म्हणजे जरा गंमतच आहे. आपल्या तापीला पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात वाळू. गिरणा आणि पांझरेचं तर विचारूच नका. हतनूरच्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या दिसतात, तेवढाच आपला जलप्रवास. आगगाडी मात्र आपली घरची, कारण भुसावळ शेजारी आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आगगाडी हा शब्द अजून येतो, पण आगबोट हा शब्द इकडे कोणी वापरताना मी ऐकलेलं नाही. तो कोकणातला, मुंबईतला शब्द.

तरीही हा लेख आगबोटीवर आहे, आणि ती बांधणाऱ्या माणसावर. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या.) थर्मल लॅबमध्ये कॉक्रन बॉयलरचं कापलेलं मॉडेल आहे, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्यासमोर उभं राहून व्हायवा देताना आपण जेम्स वॅट, स्टीफन्सन, फुल्टन ही नावं धडाधड म्हणतो. मुंबईच्या माझगावात, आगगाडी धावायच्या वीस वर्षं आधी, एका पंचविशीतल्या मुलाने स्वतःच्या पैशाने छोटी बोट बांधली, तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं आणि पुढे तो रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय फेलो झाला, हे मात्र आपल्याला कोणी विचारत नाही. त्यांचं नाव अर्देशीर करसेटजी वाडिया. जन्म ६ ऑक्टोबर १८०८, मुंबई.

वाडिया म्हटलं की आज कापडाच्या गिरण्या आणि बिस्किटं आठवतात. पण हे आडनावच मुळी जहाज बांधणाऱ्यांचं. या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३६ मध्ये मुंबईला आणलं आणि गोदीचं काम त्यांच्याकडे दिलं. मुंबईची कोरडी गोदी १७५० मध्ये तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे आणि पाणी काढून टाकायचं, म्हणजे जहाजाचा तळ उघडा पडतो आणि दुरुस्ती करता येते. तेव्हापासून पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ या एकाच घरातले लोक मुंबईच्या गोदीचे मास्टर बिल्डर होते. बाप, मुलगा, नातू, पणतू. ब्रिटिश नौदलासाठीसुद्धा त्यांनी युद्धनौका बांधल्या. त्यातली ट्रिंकोमाली ही १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आजही पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांहून जास्त जुनं लाकूड!

हे लाकूड म्हणजे आपला साग. ओक कुजतो, सागाला मात्र स्वतःचं तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात टिकतो आणि त्यातल्या लोखंडी खिळ्याला गंजू देत नाही. गोदीचा साग मुख्यतः मलबारातून यायचा. पण मागणी इतकी होती की पुढे १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगचं जंगल तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं. डांग म्हणजे आपल्या साक्री-नवापूरला लागून असलेला भाग, आणि त्याचा कारभार कितीतरी वर्षं खान्देशच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे होता. तेव्हा मुंबईच्या गोदीशी आपला काहीच संबंध नव्हता असं नाही. जंगल आपल्या बाजूचं, जहाजं त्यांची.

तर अशा घरात अर्देशीर जन्मले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, ते गोदीत कामाला लागले. तेव्हा तिथे जे शिकायचं होतं ते ठरलेलं होतं. लाकूड ओळखायचं, फळ्या वाकवायच्या, सांधे बसवायचे, सांध्यात भरण भरून पाणी अडवायचं. हे सगळं हाताने आणि नजरेने शिकायचं. पुढे मोठं झाल्यावर आजोबा-काकांसारखं मास्टर बिल्डर व्हायचं. कॅम्पस प्लेसमेंटची चिंताच नाही. आपल्यापैकी कोणाला असं घर मिळालं तर आपण काय केलं असतं, ते मला विचारू नका.

अर्देशीरांचं लक्ष मात्र वाफेकडे गेलं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर त्यांनी काय केलं ते कळणार नाही. त्यांच्या घराचं सगळं वैभव लाकूड आणि शीड यांच्यावर उभं होतं. वाफेचं जहाज आलं की हळूहळू शीड जाणार आणि इंजिनाच्या मागोमाग लोखंडाचं सांगाडं येणार. मग सागाची आणि सुताराची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या काय कामाची? आज कोणी चांगल्या चालत्या घरच्या धंद्यातला मुलगा उठून तोच धंदा बुडवणारं तंत्र शिकायला निघाला तर घरात काय होईल, त्याची कल्पना आपण करू शकतो. वाडियांच्या घरात अर्देशीरांशी कोण काय बोललं हे मी वाचलेलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. पण ते घर आंधळं नव्हतं एवढं नक्की. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट बांधली गेली, ती वाडियांनीच. इंजिनं तेवढी इंग्लंडहून आणलेली.

या ह्यू लिंडसेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडन होतं अकरा दिवसांवर. मग केबिनमध्ये, दिवाणखान्यात, डेकवर, जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोट इतकी खाली बसली की पाणी कडेला टेकायला आलं. एडनला पोचली तेव्हा सहा तास पुरेल एवढाच कोळसा शिल्लक होता. सुएझला पोचायला एकूण बत्तीसेक दिवस लागले. आणखी मजा म्हणजे हा कोळसा यायचा इंग्लंडहून, शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून. म्हणजे वाफेची बोट शिडाच्या जहाजाच्या जिवावर चालत होती. तेव्हाच्या शहाण्या माणसांनी वाफेला हसावं यात नवल काय?

अर्देशीर तेव्हा विशीतले होते, म्हणजे आपल्याच वयाचे. त्यांनी पहिल्यांदा एक हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन स्वतः तयार केलं. काम साधं, विहिरीतलं पाणी वर उचलून बागेतल्या कारंज्याला द्यायचं. आज एक हॉर्सपॉवरची मोटर शेतावर कोणीही बसवतो आणि दुकानदार ती स्कूटरवर टाकून देतो. पण १८३० च्या सुमारास मुंबईत लेथ कुठे होता, बोअरिंग मशीन कुठे होतं? सिलिंडर ओतायचा, आतून गोल गुळगुळीत करायचा, पिस्टन त्यात असा बसवायचा की वाफ बाजूने निसटू नये आणि अडकूही नये. आपण वर्कशॉपला चौकोनी जॉब फाइल करताना राइट अँगल येईपर्यंत रडकुंडीला येतो. ज्यांनी फिटिंग शॉप केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग आली बोट. १८३३ मध्ये त्यांनी माझगावला इंडस नावाची साठ टनांची बोट बांधून पाण्यात उतरवली. आधी ती शिडाची होती. नंतर त्यांनी तिच्यात वाफेचं इंजिन आणि बाकीची यंत्रसामग्री बसवली. खर्च सगळा स्वतःचा. ह्यू लिंडसे ही कंपनीची बोट होती, सरकारी पैशाची. इंडस ही एका तरुणाची हौस म्हणा, हट्ट म्हणा.

साठ टन म्हणजे समुद्राच्या मानाने खेळणंच. पण जगात आगबोटीची सुरुवात अशाच लहान बोटींनी झाली आहे. फुल्टनची बोट १८०७ मध्ये न्यूयॉर्कहून हडसन नदीतून आल्बनीला उतारू घेऊन गेली. स्कॉटलंडमध्ये हेन्री बेलची कॉमेट १८१२ मध्ये क्लाइड नदीवर उतारू न्यायला लागली. आपल्याकडे लखनौच्या नवाबासाठी १८१९ मध्ये वाफेची एक हौशी बोट बनली आणि कलकत्त्याला १८२३ मध्ये डायना आली. या सगळ्या नदीच्या, शांत पाण्याच्या बोटी. कारण उघड आहे. नदीत लाट नसते, किनारा जवळ असतो, लाकूड-कोळसा वाटेत मिळतो आणि इंजिन बंद पडलं तर माणसं बुडत नाहीत. मुंबईचं बंदर नदीपेक्षा कठीण आणि खुल्या समुद्रापेक्षा सोपं. शिकायला बरोबर जागा.

जमिनीवरचं इंजिन बोटीत ठेवलं की झालं, असं कोणाला वाटेल. पण तसं होत नाही. जमिनीवर इंजिनाखाली दगडी पाया असतो. बोटीत पाया म्हणजे लाकडाच्या फासळ्या. इंजिन आणि बॉयलरचं सगळं वजन मध्यभागी येतं, त्यामुळे बोट मधे खचते आणि टोकांना वर येते. पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याला फळ्यांचे सांधे हलतात आणि हललेल्या सांध्यातून पाणी येतं. त्यात लाकडाच्या पोटात भट्टी पेटवायची! शिवाय तेव्हाचे बॉयलर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर चालायचे. पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं, त्याची पुटं चढतात, पत्रा तापून फुगतो. म्हणून दर काही तासांनी बॉयलरमधलं खारट गरम पाणी बाहेर सोडून नवं घ्यावं लागायचं, आणि त्याबरोबर जाळलेला कोळसाही फुकट जायचा. वाफेचा दाब दर चौरस इंचाला पाच पौंडांच्या आसपास. आपल्या मोटारसायकलच्या टायरमध्ये याच्या पाच-सहापट हवा असते. एवढ्याशा दाबावर दोन्ही बाजूंची मोठी चाकं फिरवून बोट ढकलायची. तेव्हाच्या आगबोटी अशा चालत. जो माणूस लाकूडही जाणतो आणि इंजिनही, त्यालाच हे नीट जमणार. अर्देशीर तसे होते. मुंबईत बांधून वाफेवर चाललेल्या अगदी सुरुवातीच्या बोटींत इंडसचं नाव घेतलं जातं. इंग्रज कारागिराच्या हाताखाली राहून नाही तर आपल्या डोक्याने उभी केलेली म्हणून मला ती ह्यू लिंडसेपेक्षा मोठी वाटते, टनांचा हिशोब काही असो.

लगेच पुढच्या वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. कोळसा बंद भांड्यात तापवून निघणारा गॅस नळ्यांनी खेळवायचा. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला अजून तीस वर्षं होती. ते पाहायला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले आणि त्यांनी अर्देशीरांना मानाचा पोशाख दिला. पंचविशीतल्या माणसाने आणि काय करायचं?

पण त्यांना एवढ्यात समाधान नव्हतं. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण इंग्लंडला चॅथमच्या सरकारी गोदीत शिकायला गेले. पाठोपाठ १८३९ च्या सप्टेंबरमध्ये अर्देशीर निघाले. सुएझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षं होती. मुंबईहून सुएझपर्यंत आगबोट, तिथून कैरोपर्यंत वाळवंट, मग नाईल नदी आणि कालव्यातून अलेक्झांड्रिया, आणि तिथून पुन्हा भूमध्य समुद्रातली आगबोट. या प्रवासाची त्यांची रोजनिशी लंडनला १८४० मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. इंग्लंडमध्ये ते वर्षभर होते, कारखाने आणि गोद्या पाहिल्या, वाफेच्या इंजिनाचा अभ्यास केला. आणि एक अर्ज केला. मुंबईत कंपनीच्या आगबोटींची यंत्रं दुरुस्त करायचा कारखाना होता. त्याच्या मुख्य इंजिनियरची आणि यंत्रतपासनिसाची जागा आपल्याला मिळावी, असा तो अर्ज. कंपनीच्या डायरेक्टरांनी तो मंजूर केला.

खरी परीक्षा इथून पुढे आहे. १ एप्रिल १८४१ ला अर्देशीरांनी कारखान्याचा ताबा घेतला. त्यांच्या हाताखाली देशी कारागीर होतेच, पण युरोपियन फोरमन, युरोपियन इंजिनियर आणि बॉयलरमेकरही होते. गोरा माणूस नेटिवाच्या हाताखाली! तेव्हा ही गोष्ट कोणाच्या कल्पनेत नव्हती. बाँबे टाइम्स या मुंबईच्या इंग्रजी पत्राने नेटिव माणूस कितीही हुशार असला तरी युरोपियनांवर हुकूम चालवायला तो योग्य आहे का, अशी शंका जाहीरपणे घेतली. शंका त्यांच्या कामाबद्दल नव्हती, हे लक्षात घ्या. बोट तरंगली होती, दिवे पेटले होते, इंग्लंडच्या माणसांनी पारख केली होती. शंका एवढीच होती की याचं ऐकणार कोण.

मेकॅनिकलच्या मुलींना हा प्रश्न फार ओळखीचा आहे. मागच्या सुट्टीत ट्रेनिंगला एका कारखान्यात गेले तेव्हा तिथल्या सुपरवायझरने मला अगदी प्रेमाने, चहा देऊन, विचारलं होतं की बेटा, शॉप फ्लोअरवर तुझं कोण ऐकेल. मी कुठलं मशीन चालवू शकते हे त्यांनी विचारलंच नाही. असो.

अर्देशीर त्या खुर्चीत सोळा वर्षं बसले. पत्राला त्यांनी काय उत्तर दिलं त्यापेक्षा हे सोळा वर्षांचं उत्तर मला जास्त पटतं. कारखान्यात इंडियन नेव्हीच्या आगबोटींची दुरुस्ती व्हायची. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला. मग सिंधू नदीवर उथळ पाण्यात चालणाऱ्या लोखंडी बोटी लागू लागल्या. अशा बोटींचे भाग इंग्लंडहून यायचे आणि मुंबईत जोडले जायचे. हे सगळं बघणारा माणूस माझगावचा. त्याने ज्या नदीचं नाव आपल्या पहिल्या बोटीला दिलं होतं तिच्याशी त्याचा असा संबंध येत गेला.

रॉयल सोसायटीची गोष्ट याच वर्षातली. २७ मे १८४१ ला त्यांची फेलो म्हणून निवड झाली. तेव्हा ते मुंबईला परत आलेले होते, वय बत्तीस. शिफारशीच्या कागदात त्यांच्या नावावर कुठला सिद्धांत नव्हता, समीकरण नव्हतं. त्यात होतं ते असं, की हे मुंबईचे जहाजबांधणीकार आहेत, नौकाबांधणीचं शास्त्र आणि प्रत्यक्ष काम दोन्ही जाणतात, मुंबईत गॅसचे दिवे यांनी प्रथम आणले, आणि साठ टनांची एक बोट बांधून तिला वाफेचं इंजिन जोडलं. म्हणजे ती छोटीशी इंडस थेट लंडनच्या कागदावर पोचली. खरं सांगायचं तर त्या काळात रॉयल सोसायटीचे सगळेच फेलो शास्त्रज्ञ नसत, बरेच सरदार-दरकदार नुसत्या ओळखीवर येत. नियम कडक झाले ते पुढे. पण म्हणून अर्देशीरांची निवड लहान होत नाही. उलट त्या सरदारांपैकी कितीजणांनी हात काळे केले होते? त्यांच्यानंतरचा भारतीय फेलो म्हणजे रामानुजन, १९१८ मध्ये. मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली.

१८४९ मध्ये ते अमेरिकेलाही जाऊन आले. लाकूड कापायची यंत्रं पाहून तिथून खरेदी केली आणि इकडे पाठवली. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेने मुलामा चढवण्याची पद्धत, या गोष्टी मुंबईला आणण्याचं श्रेयही त्यांना देतात. एवढ्या सगळ्या गोष्टींत हात घालणारा माणूस आज असता तर त्याच्या हॉस्टेलच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसती.

मला त्यांच्या सगळ्या कामांत आवडतं ते १८५१ सालचं. त्या वर्षी त्यांनी लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात उतरवली. नाव आपल्या घराण्याचं, मूळपुरुषाचं. आणि तिचा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या घरच्या फाउंड्रीत तयार झालेला. १८५१ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडीचे रूळ टाकले जात होते आणि त्याचे डबे, इंजिनं, अगदी रूळसुद्धा इंग्लंडहून जहाजांनी येत होते. त्याच मुंबईत एका घराच्या आवारात अख्खी आगबोट ओतून, घडून, जोडून तयार झाली. लाकडाच्या जहाजांवर मोठं झालेल्या घराचं नाव त्यांनी वाफेच्या बोटीला दिलं, यात घरच्यांना काही सांगायचं होतं की नाही, कोण जाणे. मला तरी वाटतं की होतं.

मग मनात येतं की पुढे काय झालं. मुंबईत इंजिनं बनवणारे कारखाने रांगेने का उभे राहिले नाहीत? यावर आमच्या खोलीत रात्री दोनपर्यंत वाद झाला. माझी रूममेट म्हणते की इतकी मोठी गोष्ट एका माणसावर अवलंबून होती तीच चूक. मला ते अर्धंच पटतं. कंपनी सरकारला इथे दुरुस्तीचा कारखाना हवा होता, इंजिन बनवण्याचा नको होता. इंजिनं विकणारे त्यांचे स्वतःचे लोक होते. घरच्या फाउंड्रीत बनलेल्या बोटीला पुढची ऑर्डर देणारं गिऱ्हाईकच नसेल तर ती फाउंड्री किती दिवस चालणार? आपल्याकडे जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि ठिबकचे कारखाने उभे राहिले ते हुशारीने तर खरंच, पण समोर केळीचं शिवार होतं म्हणूनही. अर्देशीरांसमोर शिवार नव्हतं.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये ते नोकरीतून निवृत्त झाले. वय अठ्ठेचाळीस. थोडे दिवस इंग्लंडला राहिले आणि १८६१ मध्ये पुन्हा कामावर आले ते सिंधमधल्या कोटरीला, इंडस फ्लोटिला कंपनीचे मुख्य इंजिनियर म्हणून. हा भाग त्यांच्या चरित्रांत दोन ओळींत उरकतात, पण मला तो मोठा वाटतो, कारण इथे बोट समुद्रातून पुन्हा नदीत येते. त्याच वर्षी कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली होती. कोटरीला उतारू आणि माल गाडीतून उतरायचे, आगबोटीत बसायचे, आणि सिंधू-चिनाबमधून वर मुलतानपर्यंत जायचे. नकाशावर सरळ दिसतं. पण सिंधू म्हणजे आपल्या तापीची मोठी बहीण, पात्र कधी इकडे कधी तिकडे. काल जिथे खोल पाणी होतं तिथे आज वाळूची पट्टी. बोट सपाट तळाची आणि हलकी हवी, म्हणजे तिच्यात जड इंजिन बसत नाही. इंजिन लहान ठेवलं तर पुराच्या ओढीविरुद्ध ती वर चढत नाही. जमिनीवर वाळू, पाण्यात वाळू, पंपात वाळू. मुलतानला पोचायला कधीकधी महिन्याहून जास्त लागायचा. ज्या माणसाने इंजिनाचं वजन आणि लाकडाची ताकद यांचा हिशोब पंचविसाव्या वर्षी साठ टनांच्या बोटीत मांडला होता, त्याला पन्नाशीत तोच हिशोब पुन्हा घातला गेला, फक्त पाणी जास्त अवघड. दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, त्यांनी हे काम सोडलं.

नंतर ते इंग्लंडलाच गेले आणि १८६८ पासून लंडनजवळ रिचमंडला कायमचे राहिले. घरच्या गोष्टी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईत त्यांची पत्नी अवाबाई आणि मुलंबाळं होती. इंग्लंडमध्ये मेरियन बार्बर या इंग्रज बाईबरोबरही त्यांचा संसार होता, त्यांच्यापासूनही मुलं होती. त्या काळच्या पारशी समाजात आणि इंग्रज समाजातही हे सोपं गेलं नसणार. अवाबाईंच्या बाजूने ही गोष्ट कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही आणि ते मला खटकतं. मोठ्या माणसाच्या चरित्रात बायको एका वाक्यात येते आणि जाते, इथेही तसंच झालं.

१६ नोव्हेंबर १८७७ ला रिचमंडला अर्देशीर वारले, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, सिंधूच्या काठाने कोटरी ते मुलतान रेल्वे पूर्ण झाली. उतारू आता गाडीतूनच पुढे जाऊ लागले आणि फ्लोटिलाच्या बोटींना काम उरलं नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांची मास्टर बिल्डरकी अजून काही वर्षं चालली, पण नवी मोठी जहाजं आता लोखंडाची होती आणि ती इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बनत होती. भारत सरकारने १९६९ मध्ये अर्देशीरांचं टपाल तिकीट काढलं.